दापोलीची नोकरी घ्यावी का?

प्रश्न: मुलीने उद्यानविद्येत पीएच.डी. केली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून तिची निवड झाली आहे. पुण्यातल्या एका कृषी निविष्ठा (बियाणं, खतं, कीटकनाशकं) कंपनीचीही ऑफर आहे. जावई पुण्यात आयटीत आहेत. एवढं शिकून पोर तालुक्याच्या गावात अडकेल, अशी धास्ती वाटते. – एक आई, पुणे

उत्तर: ताई, आंबा-काजूवर काम करणाऱ्याने दापोलीत अडकण्याची भीती कशाला बाळगायची? हापूस आणि नीलमच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ असो की ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती, ही कामं कोकणातच झाली. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची केंद्रं वेंगुर्ले, कर्जत, भाट्ये अशी पसरली आहेत, म्हणजे बदलीही धरून चाला. काम नुसतं वर्गातलं नसतं. मोहोरावर तुडतुडे पडले की बागायतदार थेट दारात येतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 57,700 पासून. घरभाडे भत्ता पुण्यापेक्षा कमी, पण भाडंही कमीच.

खरी अडचण जावयांची आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत! दापोलीला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन खेड. ताम्हिणीमार्गे पुण्याहून गाडीने पाचेक तास, आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही. शनिवार-रविवारचा संसार सुरुवातीला हौसेने होतो, मूल झालं की दमछाक. घरून काम मिळेल का, आठवड्यातले किती दिवस, हे जावयांनी कंपनीकडून लेखी घ्यावं. साहेब ‘बघू’ म्हणाले तर नाही असं समजा.

गाव लहान, हेही आहेच. भाजी घेताना विद्यार्थ्याची आई भेटणार, हर्णैला मासळीच्या लिलावात विभागप्रमुख. सकाळी ज्याच्याशी बिनसलं, तोच संध्याकाळी समोर. कुणाला याचा जाच होतो, कुणाला आधार वाटतो. मुलीचा स्वभाव तुम्ही जाणता.

गाव बघायला डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा दापोली कुणालाही आवडते. दोघांनी जुलैत चार दिवस राहावं: वीज जाते, कपडे वाळत नाहीत. आणि चौकशी वरिष्ठांकडे नको, अलीकडे रुजू झालेल्यांकडे करावी.

माझं मत? जावयांची सोय लागत असेल तर घ्यावी. कंपन्यांच्या जागा पुन्हा निघतात, विद्यापीठाच्या भरतीची वाट बघण्यात मात्र लोकांची वर्षं जातात. रुजू होण्याची मुदत अपुरी वाटली तर कारण देऊन लेखी वाढ मागा, पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत कंपनीला नकार कळवू नका.