स्कॉर्पिओमागे 12 फुटी, साडेआठ फूट उंच कॅम्पिंग ट्रेलर समृद्धीवर शंभरने ओढायचा आहे, पुढून व्ही (V सारखं टोकदार नाक) बनवला तर ॲव्हरेज वाढेल का?

भाऊ, व्हीच्या मागे लागू नका. ट्रॉल्या अन् फूड व्हॅनच्या बॉड्या बनवायचं आमचं काम आहे नागपुरात, म्हणून सांगतो. व्ही बनवला की पत्रा जास्त, वेल्डिंग जास्त, आतली जागा वाया, आणि हवेला निमुळतं पाहिजे ते मागे, पुढे नाही.

मुळात ट्रेलर गाडीच्या आडोशाला चालतो. पावसाळ्यात रात्री वर्धा रोडने एखादी बॉडी ओढून आणली की सकाळी किडे कुठे चिकटले ते बघायचं, गाडीच्या टपाच्या वर आणि बाजूला जेवढं निघालंय त्याच पट्ट्यात सगळे, मधला पत्रा बऱ्यापैकी साफ. तं पैसे त्या पट्ट्यावर घाला. साडेआठ फूट उंची कशाला पाहिजे? आत झोपायलाच जायचं ना, टप वर उचलता येईल असा करा, चालताना गाडीच्या बरोबरीला बसला की अर्धं काम तिथेच झालं.

मग पुढच्या कडा. वरची आणि दोन्ही बाजूच्या कडा 6 इंचाच्या गोलाईत वळवून घ्या, धारदार कोपरा ठेवू नका. फोक्सवॅगनची ती जुनी टाइप 2 व्हॅन आहे ना, तिच्या सुरुवातीच्या चाचणी नमुन्याचा हवेच्या अडथळ्याचा गुणांक (कमी तेवढा चांगला) 0.75 होता, ब्राउनश्वाइगच्या विंड टनेलमध्ये तोंड थोडं वळवून घेतलं तं 0.44 वर आला, आणि तरी ती डबाच दिसते. पटत नसेल तर पत्र्यावर लोकरीचे वीतभर तुकडे टेपने चिकटवा आणि बाजूच्या गाडीतून व्हिडिओ काढायला लावा. गोल कडेमागे धागे पत्र्याला चिकटून राहतात, चौकोनी कडेमागे नुसते भिरभिरतात, तिथेच तुमचं डिझेल जाऊन राहिलं. मागे टपाला 10-12 अंशांचा उतार दिला तर चांगलंच, त्याहून जास्त दिला तर हवा पत्र्यापासून सुटते, फायदा गेला.

पण खरं सांगू का, 80 वरून 100 वर गेले की हवेचा अडथळा दीडपटीच्या वर जातो, 56 टक्के, आकार कोणताही असो. तुम्ही समृद्धीवर शंभरने पळायचं म्हणता, तिथे गोलाईची सगळी कमाई स्पीड खाऊन टाकेल. (ट्रेलरच्या पासिंगचं अन् स्पीडचं आधी आरटीओत विचारा बाप्पा.) गावातल्या सिग्नलला आणि चढावर मात्र आकार काही कामाचा नाही, तिथे वजन बोलते.

आणि ॲव्हरेजपेक्षा ट्रेलर डोलते का ते बघा. बाजूने कंटेनर गेला की उंच सपाट बॉडी आधी ढकलली जाते मग ओढली जाते. हिचवर (गाडीमागे ट्रेलर जोडायचा हुक) ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पाहिजे, म्हणजे हजार किलोला 100 ते 150. किराणावाल्याचा काटा कपलरखाली, म्हणजे ट्रेलरच्या हुकावर बसणाऱ्या तोंडाखाली, ठेवून मोजा, सामान भरून, रिकामं मोजून उपयोग नाही. पाण्याची टाकी ॲक्सलच्या वरच घ्या, मागे टाकली की शेपूट हलणारच.

एसी टपावर नका बसवू. मे महिन्यात आपल्याकडे त्याच्याशिवाय झोप नाही हे मान्य, पण आउटडोअर युनिट पुढे ड्रॉबारवर (ट्रेलर ओढायच्या दांड्यावर) घ्या, गाडीच्या आडोशात राहतं. फक्त ते बसवल्यावर हिचचा भार परत मोजा.