पहिल्यांदाच लाकडात डॉल्फिन कोरतोय, पर आणि शेपूट तुटू नये म्हणून काय करू?

शिवण झाडाचं नीट वाळलेलं लाकूड घ्या, लाकडातल्या रेषा डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबीने जातील असा ठोकळा धरा आणि बाजूचे दोन्ही पर वेगळे कोरून चिकटवा. लाकूड रेषेच्या दिशेने पटकन फाटतं, त्यामुळे बाजूचा पर अंगातूनच काढला की त्याच्यात रेषा आडव्या येतात आणि नुसता पॉलिश पेपर मारताना पण कडकन तुटतो, हे मी स्वतः कोरताना बघितलंय. वेगळ्या पराला रेषा लांबीने ठेवा, पर आणि अंग दोन्हीत 3 मिमीचं भोक, त्यात बांबूच्या काडीची खुंटी आणि फेविकॉल, मग रात्रभर हात लावू नका. शेपटीची टोकं शेवटपर्यंत जाडच ठेवा, आणि हो, डॉल्फिनची शेपूट माशासारखी उभी नसते, आडवी असते, हे आधी पेन्सिलने आखून घ्या, नंतर दुरुस्त करायला लाकूडच उरत नाही. शेवटी पॉलिश पेपर 120, 220, 400 नंबरचा, या क्रमाने. फक्त एक, सावंतवाडीची खेळणी ज्याची बनायची तो पांगारा मिळाला तर तोही चालेल, पण तो खूप मऊ असतो, डोळा, चोच असलं बारीक काम त्यात नीट उठत नाही, तिथे रंगच वापरावा लागेल.