लिबरल आर्ट्सची डिग्री झालीय, म्युझिक फक्त मायनर होतं. लहान मुलांचे क्वायर (समूहगायनाचे गट) कंडक्ट करण्यात करियर होऊ शकतं का? सुरुवात कुठून करू?

होऊ शकतं, पण 'चिल्ड्रेन्स क्वायर कंडक्टर पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसलात तर केस पिकतील. आपल्याकडे ही वेगळी नोकरी जवळजवळ नसतेच, ती म्युझिक टीचरच्या नोकरीत लपलेली असते. मी पुण्यात एका शाळेत म्युझिक शिकवते आणि शनिवारी सकाळी स्वतःचा मुलांचा क्वायर घेते, माझीही डिग्री साधी बीए आहे आणि क्वायरच्या पालकांपैकी कुणी ती कधी विचारलेली नाही. शाळा मात्र विचारतात. बऱ्याच शाळा बीएड किंवा संगीत विशारद वगैरे मागतात, आयबी-केंब्रिजवाल्या (इंटरनॅशनल बोर्डाच्या) शाळा डेमो लेक्चर बघून ठरवण्याची शक्यता जास्त, म्हणून अर्ज आधी तिकडे करा.

कागद करायचाच असेल तर एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या लंडनच्या बोर्डांच्या वेस्टर्न म्युझिकच्या ग्रेड परीक्षा आहेत, निदान थिअरीची पाचवी ग्रेड काढा (एबीआरएसएमला सहावीपासून पुढची प्रॅक्टिकल द्यायला साधारण ती तशीही लागते). पियानोत उस्ताद व्हायची गरज नाही, पण एका हाताने एक पार्ट (एका गटाची चाल) वाजवत दुसरा पार्ट स्वतः गाता आला पाहिजे. हे रोज करा, पहिले काही आठवडे रडू येईल. आणि स्वतः एखाद्या मोठ्यांच्या क्वायरमध्ये गा, मुंबईत परांजोती अकॅडमी कोरससारखे जुने ग्रुप आहेत, पुण्यात आणि गोव्यात चर्चचे क्वायर असतात. आतून गायल्याशिवाय समोर उभं राहिलेल्या माणसाच्या हाताचा आपल्याला काय उपयोग होतो ते कळतच नाही.

आता खरं काम, ते म्हणजे मुलांचा आवाज. चार-चारचे ठोके हाताने दाखवायला आठवड्यात येतं हो, यूट्यूबवर आहे सगळं. पण आपल्या शाळांमधलं समूहगीत आठवा, बाई स्वतःला सोयीची म्हणून पेटीची काळी चार पट्टी सा म्हणून धरतात, मुलांचा सा पार तळाला जातो, आवाज येत नाही म्हणून 'जोरात म्हणा रे' सुरू होतं आणि गॅदरिंगपर्यंत निम्म्या पोरांचे घसे बसलेले असतात. सात ते दहा वर्षांच्या मुलांना मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (वेस्टर्नमधला सी) वरच्या पांढरी दोनपर्यंत (डी) साधारण आरामात गाता येतं, त्यामुळे गाणं पेटीवर त्या हिशोबाने वर न्या. वरचे सूर त्यांनी हलक्या, पातळ आवाजात गायला हवेत. इथे एक भांडण होणार हे धरून चाला, कारण शास्त्रीय शिकणाऱ्या मुलांना घरी नाहीतर क्लासमध्ये सांगितलेलं असतं की हा खोटा आवाज, असं गाऊ नको. मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते की क्लासचं क्लासमध्ये, इथलं इथे, दोन्हींनी बिघडत काही नाही. तुम्ही पुरुष असाल तर अजून एक, तुम्ही खालच्या सप्तकात गाऊन दाखवलंत की छोटी मुलं तुमच्याबरोबर खाली उतरायला बघतात, म्हणून सूर एखाद्या पक्क्या मुलीला गाऊन दाखवायला सांगा. आणि मुलं गात असताना आपण गायचं नाही, नाहीतर आपल्याला आपणच ऐकू येतो.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांची मुलांना गायन शिकवायची पद्धत नक्की शिका. त्यात सा बदलता असतो, प-गसारख्या सोप्या स्वरांनी सुरुवात होते आणि हाताच्या खुणांनी सूर दाखवतात (त्या खुणा मूळ इंग्लंडच्या जॉन कर्वेनच्या, एकोणिसाव्या शतकातल्या). आपल्या मुलांना सारेगम माहीत असल्यामुळे अर्धं काम झालेलंच असतं, अडतं ते दोन आवाजांपाशी, कारण आपली सवय सगळ्यांनी एकच चाल म्हणायची. त्यावर माझा उपाय भूप. त्यात म आणि नी नाहीत त्यामुळे अर्ध्या स्वराची टक्कर होत नाही, भूपातली छोटी चाल घ्या, दुसरा गट चार मात्रा उशिरा सुरू करा, कानाला बोचत नाही आणि मुलं एकदम चकित होऊन एकमेकांकडे बघतात. त्याआधी नुसत्या तंबोऱ्यावर, मग एका गटाने सा धरून ठेवलाय आणि दुसरा गातोय, असं करत या. थेट तीन पार्टचं इंग्रजी गाणं उचलू नका. जुनी, कॉपीराइट संपलेली स्कोअर्स सीपीडीएल (कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी) या वेबसाइटवर फुकट मिळतात.

पुढे शिकायचं असेल तर हंगेरीत केच्केमेतला कोदाय इन्स्टिट्यूट (बुडापेस्टच्या लिस्ट अकॅडमीचा भाग) आहे, आणि हंगेरी सरकारच्या स्टिपेंडियम हंगारिकम स्कॉलरशिपला भारतातून अर्ज करता येतो. पण आधी इथे काम बघा. मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन, गोव्यात कला अकादमी आणि 2009 पासून गरीब घरांतल्या मुलांना संगीत शिकवणारी चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन, यांना मेल टाका, मागे बसून तालीम बघू द्या म्हणावं, आणि खुर्च्या मांडायला सांगितलं तर मांडा.

पैशाचं सरळ सांगते, नुसत्या क्वायरवर घर चालणार नाही. शाळा, संध्याकाळचे पियानोचे क्लास आणि वीकेंडचा क्वायर असं जोडून चालवावं लागतं. फी टर्मची आगाऊ घ्या, महिन्याची घेतली तर परीक्षा आल्या की निम्मी मुलं गायब. तालमीला दुसरं मोठं माणूस कायम हजर ठेवा आणि दार उघडं ठेवा. पोक्सो कायद्यात (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) काय आहे ते एकदा वाचून ठेवा, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, बऱ्याच शाळा मागतात.

शाळांचे इंटरव्ह्यू मार्च-एप्रिलच्या आसपास सुरू होतात. डेमोला बोलावलं की ओळख-बिळख करून देत वेळ घालवू नका. आत जाऊन सरळ दोन सुरांचं काहीतरी गा, हाताने मुलांना उत्तर द्यायची खूण करा, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचे दोन गट करून टाका. मागे बसलेल्या प्रिन्सिपलबाईंनाही एका गटात घ्या.