‘रेप्रिहेन्सिबल’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय आणि ते कोठे वापरावे?

‘रेप्रिहेन्सिबल’ म्हणजे निंद्य, निंदनीय. मात्र केवळ ‘वाईट’ एवढ्या अर्थाने ते योजू नये, कारण बरेवाईट कळत असूनही जे कृत्य केले गेले आणि ज्याबद्दल करणाऱ्याला दोष देणे रास्त ठरते, अशा कृत्यालाच ते शोभते. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे खेचणे, अडवून धरणे असा असून त्यातूनच पुढे खडसावण्याचा अर्थ आला.

नाशिकचेच उदाहरण घ्यायचे तर, पावसाळ्यात खड्डे पडलेल्या रस्त्याची अवस्था ‘डिप्लोरेबल’ (शोचनीय) म्हणता येईल, कारण ते विशेषण दुर्दशेलाही लागू पडते. ‘रेप्रिहेन्सिबल रस्ता’ हा प्रयोग मात्र कानाला खटकतो. त्या रस्त्याच्या कामात कोणी पैसे खाल्ले असतील, तर ते खाणे निश्चितच रेप्रिहेन्सिबल. रात्रीच्या अंधारात गोदावरीत रसायनमिश्रित पाणी सोडणे, किंवा अस्थिविसर्जनासाठी रामकुंडावर आलेल्या परगावच्या कुटुंबाला ऐन दुःखात गाठून लुबाडणे, ही कृत्येही याच कक्षेत येतात.

शब्द औपचारिक आहे; अग्रलेख, निकालपत्र किंवा निषेधाचा ठराव यांत तो सहज बसतो. मिसळ खायला उशिरा आलेल्या मित्राला उद्देशून वापरला, तर ती थट्टाच समजली जाईल. बहुधा तो व्यक्तीपेक्षा वर्तनाला लावतात. त्याच्याआधी ‘मॉरली’ (नैतिकदृष्ट्या) जोडण्याची पद्धत माझ्या मते थोडी पुनरुक्तीची आहे, पण इंग्रजीत ती पुरती रूढ झालेली असल्याने चूक ठरत नाही.