इंजेक्शनची पावर पेशीला कशी काय कळते?

प्रश्न: ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले, आयव्हीएफसाठी बेळगावला जातोय. माझ्या अंडी वाढवायच्या, एफएसएच हार्मोनच्या इंजेक्शनवर 75 आययू लिहिलंय, जावेला दिलं होतं त्याच्यावर मायक्रोग्रॅम होतं. मेडिकलवाला म्हणतो सगळं एकच हाय. धाकटा दीर बीएस्सी झालाय, तो म्हणतो हल्ली याची पावर उंदरांऐवजी पेशींवर बघतात. पेशीला काय कळतंय ओ त्यातलं?

उत्तर: दिराचं बरंचसं बरोबर आहे, मेडिकलवाल्याचं नाही. बघा, संकेश्वरी मिरची एक किलो आणि ब्याडगी एक किलो, काट्यावर दोन्ही सारखीच की, पण आमटीत पडली की कळतं कुठली काय ते. मायक्रोग्रॅम म्हणजे नुसतं वजन, आययू (इंटरनॅशनल युनिट) म्हणजे तिखटपणा, औषधाचा जोर.

हा तिखटपणा मोजायची जुनी पद्धत 1953 ची, स्टीलमन आणि पोहली या दोघांची. लहान मादी उंदरांना तीन दिवस इंजेक्शन द्यायचं, मग मारून अंडाशय काढून वजन करायचं, जेवढं वाढलं तेवढा औषधाचा जोर. सोबत एचसीजी नावाचं हार्मोन पण देतात, म्हणजे मालात थोडं एलएच (आणखी एक हार्मोन) मिसळलेलं असलं तरी आकडा फुगत नाही. पण जनावरं किती लागतात, आणि दर वेळी उत्तर इकडेतिकडे होतं ते वेगळंच.

पेशींची टेस्ट अशी, की हॅमस्टरच्या किंवा माणसाच्या पेशीत एफएसएचच्या रिसेप्टरचं, म्हणजे हार्मोन जिथे चिकटतो त्या जागेचं, जीन घालून ठेवतात, हार्मोन रिसेप्टरला चिकटला की आत सीएएमपी नावाचं रसायन वाढतं, ते थेट मोजतात नाहीतर काजव्याचं जीन पण घालून ठेवतात म्हणजे पेशी चक्क उजेड देते आणि मशीन तो उजेड मोजतं. छोट्या छोट्या 96 खळग्यांची प्लेट असते, एकेका खळग्यात औषध कमीजास्त घालत जायचं. पेशी रोज एकसारख्या वागत नाहीत, आज जोरात उद्या मंद, म्हणून नुसत्या उजेडाच्या आकड्याला काही अर्थ नाही, त्याच प्लेटवर आधी युनिट ठरवलेला नमुना लावतात आणि दोन्हीचे ग्राफ शेजारी ठेवतात. रेषा समांतर आल्या तरच हिशोब धरायचा, नाहीतर ती प्लेट बाद.

आता यातली गोम. एफएसएचवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला सियालिक ॲसिड. ते कमी असेल तर लिव्हर हार्मोन रक्तातून भराभर काढून टाकतं, औषध टिकतच नाही. प्लेटमध्ये लिव्हर कुठलं आलंय? तिथे तोच माल फर्स्टक्लास पास होतो! उंदराच्या अंगात मात्र ही लबाडी पकडली जाते. म्हणून पेशींच्या टेस्टच्या जोडीला त्या साखळ्यांची केमिकल तपासणी करावीच लागते, माझ्या मते तीच खरी राखण.

जावेचं बहुतेक फॉलिट्रोपिन डेल्टा, म्हणजे एफएसएचचाच एक प्रकार, असेल. ते माणसाच्या पेशींत बनवतात, साखळ्या वेगळ्या, उंदरावर आलेले युनिट बाईच्या अंगातल्या परिणामाशी जुळत नाहीत म्हणून डोस सरळ मायक्रोग्रॅममध्ये. फॉलिट्रोपिन अल्फा या दुसऱ्या प्रकाराचे 75 युनिट म्हणजे साधारण 5.5 मायक्रोग्रॅम, पण हा हिशोब डेल्टाला लावू नका, आणि दुकानात एक नाही म्हणून दुसरं घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. खानापूरपर्यंत नेताना बर्फाला चिकटवून पण ठेवू नका, गोठलेलं इंजेक्शन वापरायचं नसतं.