आवडत्या फुटबॉलपटूवर गंभीर गुन्ह्याचा आरोप झाला, तर चाहत्याने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की शाळेत असल्यापासून ज्या इंग्लिश क्लबच्या मागे आहात, त्याच्या लाडक्या खेळाडूला बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली आहे. ग्रुपमधले अर्धे जण ‘निकाल लागेपर्यंत तो निर्दोषच’ म्हणतात, अर्धे त्याला फासावर चढवायला निघालेत, आणि आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं ते तुम्हाला कळत नाहीये. त्याच्या नावाची जर्सी घालायची की नाही, असंही विचारलंत.

त्याने गुन्हा केला की नाही हे ठरवायचं काम तुमचं नाही, ते ओझं आधी उतरवून ठेवा. पण जिने तक्रार केली आहे तिच्याबद्दल तुमच्या ग्रुपमध्ये काय बोललं जातं, ते मात्र तुमचं काम आहे. त्यासाठी निकालाची वाट बघावी लागत नाही.

मी गेली बरीच वर्षं पुण्यात रात्री-अपरात्री मॅचच्या स्क्रीनिंगला जाते. भोवती बहुतेक मुलगेच असतात. अशा बातम्या आल्या की टेबलाभोवती पहिलं वाक्य हमखास असतं, ‘पैशासाठी केलं असेल.’ ते ऐकताना बाजूला बसलेल्या बाईला काय वाटत असेल, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं. म्हणून तुम्ही प्रश्न विचारलात याचं मला मनापासून बरं वाटलं.

इंग्लंडमधल्या संडरलँड क्लबचं प्रकरण तुम्हाला कदाचित वरवर माहीत असेल. ॲडम जॉन्सन त्याच शहरात जन्मलेला, इंग्लंडकडून खेळलेला विंगर. मार्च २०१५ मध्ये १५ वर्षांच्या मुलीशी लैंगिक कृत्य केल्याच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. क्लबने निलंबित केलं आणि दोनेक आठवड्यांत परत संघात घेतलं. एप्रिलमध्ये आरोप ठेवले गेले, तरी तो खेळत राहिला. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या न्यूकॅसलविरुद्धच्या डर्बीत, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या लढतीत, त्याने पेनल्टी मारली आणि संडरलँड ३-० ने जिंकलं. त्या शहरातल्या माणसाला वर्षभरात याहून मोठा आनंद नसतो.

आणि ती मुलगी कोण होती? त्याच संघाची, त्याच खेळाडूची कट्टर चाहती. त्याला भेटायला धडपडणारी, त्याच्यासोबत फोटो काढून घेणारी. त्याने तिला सही केलेल्या जर्सी दिल्या आणि त्या ओळखीचाच फायदा घेतला. ‘आपला क्लब विरुद्ध ती’ अशी मांडणी करणाऱ्यांना हे कधी सुचत नाही की तीही ‘आपल्या’तलीच असू शकते, तुमच्या मागच्या रांगेत बसणारी.

आता ६ फेब्रुवारी २०१६ बघा. ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध संडरलँड. लिव्हरपूल २-० ने पुढे होतं. ८२व्या मिनिटाला जॉन्सनने फ्री किकवर गोल केला, मग त्याचा सहकारी डीफोने बरोबरी साधली. चारच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, ब्रॅडफर्डच्या कोर्टात खटल्याच्या सुरुवातीलाच जॉन्सनने चारपैकी दोन आरोप कबूल केले. दुसऱ्या दिवशी क्लबने त्याला काढलं. पुढे ज्युरीने आणखी एका आरोपात दोषी ठरवलं, एकात निर्दोष सोडलं, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

ॲनफिल्डवर त्या दिवशी संडरलँडच्या चाहत्यांना सत्य माहीत नव्हतं, त्यामुळे टाळ्या वाजवल्या म्हणून मी त्यांना दोष देत नाही. क्लबच्या मुख्य अधिकारी मार्गारेट बर्न यांच्याकडे मात्र खटल्याची कागदपत्रं मे २०१५ मध्येच आली होती. त्याला खेळू देणं ही गंभीर चूक होती असं मान्य करून त्यांनी राजीनामा दिला. पण तो सगळा काळ त्या मुलीला लबाड ठरवणारे लोक होते, आणि त्यांना तर काहीच माहीत नव्हतं. ‘आम्हाला माहीत नाही’ हे खेळाडूच्या बाजूने वापरायचं आणि मुलीला मात्र खोटारडी म्हणायचं, यात निर्दोषत्वाचं तत्त्व कुठे उरलं? ते तत्त्व पाळायचं तर तिच्या बाबतीतही पाळा. खोटी तक्रार करणं हाही गुन्हाच आहे ना, मग तो सिद्ध होईपर्यंत तीही निर्दोष.

तुमच्या ग्रुपमधला कोणीतरी चेड एव्हान्सचं नाव काढेलच, आणि काढावंच. शेफील्ड युनायटेडचा हा स्ट्रायकर एप्रिल २०१२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तुरुंगात गेला. २०१६ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि फेरखटल्यात ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. तो कायद्याने निर्दोष आहे, त्यावर किंतु-परंतु नको. फासावर चढवायला निघालेल्या तुमच्या मित्रांनी हे प्रकरण नीट वाचावं.

पण मधल्या काळात काय झालं तेही वाचा. त्याची तळी उचलणाऱ्यांनी त्या तरुणीचं नाव ट्विटरवर जाहीर केलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये नऊ जणांनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि प्रत्येकाला ६२४ पाउंड तिला द्यावे लागले. तिला नाव बदलून, घर बदलून राहावं लागलं. २०१४ मध्ये ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल एवढंच म्हणाली की शेफील्डने त्याला परत घेतलं तर त्यांच्या मैदानातल्या स्टँडवरचं माझं नाव काढा, तर तिलाही बलात्काराच्या धमक्या आल्या. पुढे एव्हान्स निर्दोष सुटला म्हणून यातलं काहीही पुसलं गेलं नाही. त्या नऊ जणांचा गुन्हा त्यांचा स्वतःचा होता. खेळाडूचा निकाल कुठल्याही बाजूने लागो, तुम्ही जे टाइप केलंत ते तुमच्याच नावावर राहतं.

आमच्याही ग्रुपवर एकदा अशाच एका बातमीनंतर एका मुलीचा फोटो आला. लग्नातला असावा, पाच-सहा जणी उभ्या, आणि एकीच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली ‘हीच ती’. कुठून आला, खरंच तीच का, कोणालाच पत्ता नव्हता, तरी दहा मिनिटांत त्यावर हसणारे चेहरे चिकटले होते. मी ॲडमिनला फोन केला आणि तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायला लावला. दोघं जण माझ्यावर चिडून ग्रुप सोडून गेले. जाऊ देत. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कार पीडितेची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ॲडमिनला सांगितलं की तो लगेच ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

चाहत्यांच्या हातात काही नसतं असं तुम्हाला वाटत असेल, तर स्कॉटलंडमधल्या कर्कॉडीचा रेथ रोव्हर्स हा छोटा क्लब बघा. जानेवारी २०२२ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी डेव्हिड गुडविलीला करारबद्ध केलं. त्याच्यावर फौजदारी खटला चालला नव्हता, पण २०१७ मध्ये दिवाणी कोर्टाने त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने एका स्त्रीवर बलात्कार केला असा निर्णय देऊन एक लाख पाउंडांची भरपाई ठरवली होती. क्लबने आधी हा निव्वळ फुटबॉलचा निर्णय असल्याचं सांगून हात झटकले. पण लेखिका व्हॅल मॅकडर्मिड, जन्मभराची चाहती आणि प्रायोजक, तिने पाठिंबा काढून घेतला. महिला संघाची कर्णधार टायलर रॅट्रे क्लबमधल्या दहा वर्षांनंतर बाहेर पडली. संचालकांनी राजीनामे दिले. तीन दिवसांत अध्यक्षांना माफी मागून तो खेळणार नाही असं जाहीर करावं लागलं. त्या महिला संघाने तर क्लबशी नातंच तोडलं आणि मॅकडर्मिड लेडीज हे नवं नाव घेतलं. यातली गावातली माणसं त्या संघावर तुमच्या-माझ्याइतकंच, कदाचित जास्तच, प्रेम करणारी होती. संघ आपला आहे म्हणूनच त्यांना ते सहन झालं नाही.

तुमच्या क्लबबद्दल म्हणाल, तर चौकशी चालू असताना खेळाडूला पूर्ण पगारावर बाजूला बसवा, ही मागणी मला रास्त वाटते. ती शिक्षा नाही. मँचेस्टर सिटीच्या बेंजामिन मेंडीवर बलात्काराचे आरोप झाले तेव्हा क्लबने त्याचा पगार थांबवला होता. तो २०२३ मध्ये सर्व आरोपांतून निर्दोष सुटला आणि पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाने त्यातला बराचसा पगार त्याला मिळायला हवा असा निर्णय दिला. मला तो योग्य वाटला. बाजूला बसवणं वेगळं, उपाशी ठेवणं वेगळं.

राहिली जर्सी. मॅच जरूर बघा, क्लब सोडायचं काही कारण नाही. पण खटला संपेपर्यंत त्याच्या नावाची जर्सी घालून स्क्रीनिंगला येऊ नका, साधी घाला. त्याच्यावर रचलेलं गाणं कोणी सुरू केलं तर तुम्ही गाऊ नका. आणि ग्रुपवर आजच ॲडमिनकडून दोन ओळी टाकून घ्या: तक्रारदार मुलीचं नाव, फोटो, तिच्याबद्दलची अटकळ इथे चालणार नाही, जो टाकेल त्याला काढलं जाईल. थोडा वाद होईल, होऊ द्या. तुमच्या बाजूने बोलणारे एक-दोन जण तुम्हाला वाटतं त्याहून लवकर पुढे येतील, आमच्याकडे आले होते.