सोसवेल तेवढंच ओझं?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मूत्रपिंडं निकामी होऊन माझे पती गेल्या पावसाळ्यात वारले. दोन मुलं शिकताहेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिससाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचंय. भेटायला येणारा जो तो म्हणतो, ‘देव सोसवेल त्यापेक्षा जास्त ओझं देत नाही, बायबलमध्येच आहे.’ मला तर सोसवत नाही. माझाच विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, संगमनेर

उत्तर : ताई, तुमचा विश्वास कुठंही कमी पडलेला नाही. हे वाक्य असं बायबलमध्ये नाहीच. लोकांच्या मनात असतं ते १ करिंथ १०:१३, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला, तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या १०व्या अध्यायाचं १३वं वचन. तो अख्खा अध्याय एकदा वाचून काढा. करिंथ हे व्यापारी शहर. तिथल्या विश्वासणाऱ्यांना मूर्तींपुढच्या मेजवान्यांची ओढ होती, म्हणून पौल त्यांना मोशेबरोबर मिसरातून निघून रानात भटकणाऱ्या इस्राएलांची आठवण देतो : त्यांची मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर. पापात पाडू पाहणाऱ्या परीक्षेतून देव निभावण्याची वाट काढील, असं १३व्या वचनात आहे आणि लगेच १४व्यात, मूर्तिपूजेपासून दूर पळा. नवऱ्याच्या मरणापासून कोण कुठं पळणार? तुमच्या दुःखाचा तिथं विषयच नाही.

तुमच्या दुःखाशी जुळणारं वचन त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. २ करिंथ १:८ मध्ये पौल सांगतो की आसियात (आजच्या तुर्कस्तानातल्या रोमी प्रांतात) आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा उरली नाही. ज्याच्या नावावर लोक ‘सोसवेल तेवढंच’ म्हणतात, तोच पौल हे लिहितो. पुढच्या वचनात तो म्हणतो, आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी म्हणून हे झालं. सोसण्याची ताकद आपल्यात होती, असा दावा तो करत नाही.

स्तोत्र ८८ही वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उपकारस्तुती नाही. तरी ते आपल्या प्रार्थनांमध्ये जपलेलं आहे.

आणि गणना ११, म्हणजे जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकाचा ११वा अध्याय. तिथं मोशे देवाला तोंडावर सांगतो, या सगळ्या लोकांचा भार मला एकट्याला वाहवत नाही, असंच चालणार असेल तर मला मारून टाक. देवानं त्याला ‘तुला झेपेल तेवढंच दिलंय’ असं ऐकवलं नाही. लोकांमधले ७० वडीलधारे पुढारी निवडायला लावले, मोशेवरच्या आत्म्यातलं काही त्यांच्यावर ठेवलं, का, तर भार त्यानं एकट्यानं वाहू नये. मला राग येतो तो इथं. शोकाच्या घरी आपण वचन म्हणतो, प्रार्थना करतो, चहा घेऊन निघतो, आणि ओझं होतं तिथंच राहतं. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन (गलती ६:२) सगळ्या मंडळीला सांगितलेलं आहे.

तेव्हा पुन्हा कुणी ते वाक्य म्हणालं, तर मान डोलावू नका. ‘मला हे झेपत नाही’ असं स्पष्ट सांगा आणि कामं नेमून द्या. कर्जाच्या कागदांसाठी बँकेत कुणी यावं, आठवड्यातून दोन दुपारी सासूबाईंजवळ कोण बसेल, मुलांच्या फीचं काय करायचं. तुमच्या मंडळीच्या पंचांनाही लिहा. हवं असेल तर माझं हे उत्तर सोबत जोडा.